दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला का?

मागच्या भागानंतर एका पंधरा वर्षांच्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला. पोहण्याच्या स्पर्धा करते. नाव नको म्हणाली. "दादा, तीन आठवडे पोहणं बंद ठेवलं, खांदा दुखायचा थांबला. पाण्यात उतरले आणि चौथ्याच दिवशी परत सुरू. सोडूनच देऊ का?"

अगं थांब! आधी हिशोब करू. २५ मीटरच्या एका फेरीत साधारण १८ हात धर. रोज ४ किलोमीटर म्हणजे १६० फेऱ्या, म्हणजे २,८८० हात. एका खांद्याच्या वाट्याला १,४४०. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेआठ हजारांच्या वर.

पाणी मागे ओढून ओढून छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दणकट होतात. पण खांद्याचा गोळा खोबणीत मधोमध धरून ठेवणारे चार छोटे स्नायू, म्हणजे रोटेटर कफ, आणि खांद्याची पाती सांभाळणारे स्नायू मागे पडतात. विश्रांतीने दुखणं गेलं, ताकद कुठून येणार? आणि तू उतरलीस ती थेट जुन्याच ४ किलोमीटरवर.

आता व्यायाम. कोपर कमरेशी, मध्ये घडी केलेला नॅपकिन, हातात रबरी बँड. हात बाहेर फिरवायचा आणि अगदी सावकाश परत आणायचा. नॅपकिन पडला की समजायचं, कोपर सुटलं. दुसरा, भिंतीला टेकून पुश-अप. कोपर सरळ झाल्यावर भिंत अजून थोडी ढकलायची. रटाळ आहेत, मान्य. रीलमध्ये छान दिसत नाहीत. पण ताकद यायला आठवडे लागतात, दिवस नाही. दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखलं, किंवा दुसऱ्या सकाळी वाढलेलं वाटलं, तर बँड हलका घे.

पाणी पूर्ण सोडायची गरज बहुतेक वेळा नसते. किक मार, पण बोर्ड पुढे धरून नको, त्यात हात ताणलेलेच राहतात. हात अंगाशी ठेव. हाताचे पॅडल सध्या बॅगेतच राहू देत. मग आधी अंतर थोडं थोडं वाढव, वेग नंतर.

क्रिकेटवाल्यांनो, तुमचं जरा वेगळं. दंडाच्या हाडाचं वरचं टोक या वयात अजून वाढत असतं. फेकताना तिथे दुखत असेल तर आधी डॉक्टर, बँड नंतर. रात्री दुखून जाग येणं, हाताला मुंग्या, खांदा सटकल्यासारखा वाटणं, यालाही तेच.

मेसेजच्या शेवटी ती हळूच म्हणाली, "सरांना सांगितलं नाहीये, टीममधून काढतील." हे मला माहितीये. सोळाव्या वर्षी मी गोळी घेऊन जिल्हा स्पर्धेत पोहलो होतो. मेडल मिळालं, पण पुढचा अख्खा सीझन काठावर बसून काढला. सरांना आजच सांग. एकटीला जमत नसेल तर आईला घेऊन जा. "पोहणार नाही" असं नको, "इतके आठवडे इतकंच पोहणार" असं कागदावर लिहून ने.

आणि महिन्याभराने परत मेसेज कर. नॅपकिन किती वेळा पडला, तेही सांग.