पाण्यातला उंबरठा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘नावेवरचा संसार’ हा विषय दिला आहे. इंग्लंडमधलं घर विकून आम्ही नाव घेतली, ही बातमी पुलगावात पोचली तेव्हा काकूंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “काऊन वं, जावयाचं धंद्यात बुडालं का काही?”

बुडालं काहीच नव्हतं. आम्ही दोघं नुकतेच निवृत्त झालो होतो, मुलगी तिच्या संसारात रमली होती आणि यांना नावेची हौस होती. मला नव्हती. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाळ्यात वर्धा नदी दुथडी भरली की आपण पूर बघायला जायचो, तेव्हा सगळ्यांत मागे मीच उभी असायची. तरी आठ वर्षं मी पाण्यावर राहिले.

आमची नाव ५७ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. आपल्या रेल्वेच्या डब्यापेक्षाही अरुंद. त्यातच स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी आणि कोळशाची शेगडी. तिथले कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खणले गेले, मुख्यतः कोळसा वाहायला. नावाडी कुटुंबं तेव्हा मागच्या दहा फुटांच्या खोलीत पोराबाळांसह राहायची. त्या मानाने आमचा वाडाच होता! कायमचा धक्का न घेणाऱ्यांना एका जागी साधारण १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून बिऱ्हाड सतत चालतं. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. त्या वेगाने पुलगावहून वर्ध्याला जायला पाच तास लागतील.

कालव्यातून टेम्स नदीत उतरलो की गंमत संपते. नदीला ओढ असते. पाऊस झाला की लॉकवर लाल फलक लागतात आणि नाव बांधून गुपचूप बसावं लागतं. एका हिवाळ्यात ऑक्सफर्डजवळ आम्ही तीन आठवडे असे बसलो होतो. रात्री दोर करकरायचे आणि मला आपल्या नदीचा पूर आठवायचा.

आता लॉक म्हणजे काय, ते सांगते. चढउताराच्या जागी नाव वर-खाली करायला बांधलेला हौद. दोन्ही टोकांना दरवाजे, त्यांच्याजवळ झडपा. वरच्या झडपा उघडल्या की हौद भरतो, खालच्या उघडल्या की रिकामा होतो. सर, आठवीत तुम्ही ‘एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो’ ही गणितं घालायचात. मला ती कधीच सुटली नाहीत. साठीला आल्यावर मी ती हातात लोखंडी हँडल घेऊन सोडवली.

पण त्या हौदात एक धोका असतो. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. भिंतीवर पांढरी रेघ असते, नावेचं मागचं टोक तिच्या पुढेच ठेवायचं. मागे राहिलं आणि पाणी उतरलं, तर शेपूट उंबरठ्यावर अडकतं, तोंड खाली जातं आणि नाव बुडू शकते.

ऑक्सफर्ड कालव्यावर सॉमर्टनचं लॉक आहे, १२ फूट खोल. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. कारण सांगण्यासारखं नाही, लेकीला फोन कोणी करायचा एवढंच. पण अबोला होता. एरवी हे हात वर करायचे, मी “झालं का?” विचारायची आणि मगच झडपा उघडायची. त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही, मी विचारलं नाही. मी रागात दोन्ही झडपा उघडल्या. हे कुकरखालचा गॅस बंद करायला आत गेले होते. तेवढ्यात नाव मागे सरकली.

पातेली पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर नावेचं तोंड खाली झुकलेलं. हे दारातून ओरडत होते, “बंद कर! बंद कर!” मी एक झडप पाडली, दरवाजावरून पलीकडे धावले आणि दुसरी पाडली. मग वरच्या टोकाला जाऊन हौद हळूहळू पुन्हा भरला. नाव सरळ झाली. हे काठावर आले आणि आम्ही दोघं तिथल्या गवतात बसलो. किती तरी वेळ कोणीच बोललं नाही, पण तो अबोला नव्हता.

त्यानंतर नावेवर एक नियम झाला. लॉक येण्याआधी भांडण मिटवायचं. मिटलं नाही तर नाव बांधायची, चहा करायचा, पुढे जायचं नाही.

टॉम रोल्ट आणि त्यांची पत्नी अँजेला १९३९ साली अशाच नावेवर राहायला गेले. त्यांच्या १९४४च्या पुस्तकामुळे मोडकळीला आलेल्या कालव्यांकडे लोकांचं लक्ष वळलं. पुढे ती दोघं मात्र वेगळी झाली. नाव कोणाचा संसार टिकवत नाही. लपलेला उंबरठा तेवढा लवकर दाखवते.

गेल्या वर्षी यांच्या गुडघ्यांमुळे आम्ही नाव विकली. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. नियम तोच आहे.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आणि मी, आमचं एका लग्नातल्या मानपानावरून बिनसलं. पंचवीस वर्षं पत्र नाही, फोन नाही. सॉमर्टनहून निघाल्यावर त्याच संध्याकाळी मी तिला फोन लावला. तिने आवाज ओळखला आणि म्हणाली, “एवढा उशीर?”

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझ्या शेजारची खुर्ची तिने राखून ठेवली आहे, म्हणून लवकर खाली उतरते.