हळदीची साक्ष



वसमत-हिंगोलीच्या पेठेत हळदीचे ढीग आपण नित्य पाहतो. जखमेवर हळद दाबावी, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. तथापि १९९५ साली अमेरिकेत याच गुणाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. तेथे आजीबाईंची तोंडी साक्ष चालेना. छापील आधार हवा. तेव्हा संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उतारे शोधून पुढे ठेवले गेले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. रसायनशास्त्र आणि संस्कृत एका पंक्तीस बसले. (शाळेच्या वेळापत्रकात हे योग क्वचितच येतात!) आपल्या वृद्ध मातांना ठाऊक असलेले उपचार आणि बेणे राखण्याच्या रीती प्रत्येक कुटुंबाने यंदा वहीत उतरवाव्यात, मात्र उपचार जाणत्या डॉक्टरांकडून पारखून घ्यावेत, ही विनंती.