स्वभावचाचणी आणि स्वभावाचे शब्द



आपला स्वभाव कसा आहे हे दुसऱ्याकडून ऐकण्याची ओढ माणसाला पूर्वापार आहे. पूर्वी ती पत्रिका आणि हस्तरेषा यांवर भागे. आता मोबाइलवर वीस प्रश्नांची उत्तरे दिली की दोन मिनिटांत स्वभावाचा दाखला हाती येतो. विद्यार्थी तो एकमेकांना दाखवतात, काही पालक त्यावरून विद्याशाखा ठरवू पाहतात, आणि नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणांनाही अनेकदा अशा प्रश्नावल्या भराव्या लागतात. या दाखल्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे घरोघरचा झाला आहे.

१९४८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या नावाने स्वभाववर्णन देऊन ते कितपत जुळते, यासाठी पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी आली ४.२६. मग उलगडा झाला की सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातला बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. कधी मनमोकळे तर कधी अबोल असणे, बाहेरून शिस्तीचे पण आतून काळजीत असणे, हे कोणाला लागू पडत नाही? निकाल वाचून ‘अगदी खरे आहे’ असे वाटणे हा चाचणी खरी असल्याचा पुरावा नव्हे.

याचा अर्थ सर्वच चाचण्या पोकळ आहेत असा नाही. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या संशोधकांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. स्वभावातील जे भेद व्यवहारात महत्त्वाचे असतात, त्यांना लोकभाषेत शब्द मिळालेलाच असतो, हा त्यामागचा विचार. पुढील अभ्यासकांनी हा पसारा आवरत पाच व्यापक गुणांपर्यंत आणला: नवे अनुभव घेण्याची तयारी, कामातील नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळूनमिसळून वागणे आणि मनाची अस्थिरता. या पद्धतीच्या चाचण्या माणसाला एखाद्या कप्प्यात बसवत नाहीत. पट्टीवर तो इतरांच्या तुलनेत कोठे आहे तेवढे सांगतात. मायर्स-ब्रिग्ज चाचणीसारखे सोळा कप्प्यांचे प्रकार मात्र पट्टीच्या मधोमध असणाऱ्यालाही कोणत्या तरी एका बाजूला ढकलतात. बहुसंख्य माणसे मध्याजवळच असतात. म्हणून पुन्हा चाचणी दिली की पुष्कळांचा कप्पा बदलतो.

चाचणीचा भाषेशी असलेला हा संबंध महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. आल्फ्रेड बिने यांची पॅरिसमधील १९०५ सालची बुद्धिमापन चाचणी भारतात आणताना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केवळ भाषांतर केले नाही. मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांवर प्रश्न तपासून, त्यांना अनुरूप असे बदल करून त्यांनी ती नव्याने बांधली. मुलाच्या हाती जी चाचणी येते ती कोणत्या भाषेतील आणि कोणत्या मुलांवर तपासलेली आहे, हे पालकांनी पाहिलेच पाहिजे.

सातवीतील एखादी मुलगी वर्गात बोलत नाही. इंग्रजी प्रश्नावली तिला ‘अंतर्मुख’ ठरवते आणि घर निश्चिंत होते. मराठीत मात्र तिच्यासाठी अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ती अबोल असेल तर काहीच करायला नको. कमी बोलणे हा दोष नाही. बुजरी असेल तर ओळखीची चार माणसे आणि थोडा अवधी पुरतो. भिडस्त असेल तर तिला ‘नाही’ म्हणायला शिकवावे लागेल. आणि पूर्वी बोलकी असलेली मुलगी अलीकडे घुमी झाली असेल, तर तिच्या मनात काय सलते आहे हे कोणीतरी जवळ बसून ऐकले पाहिजे. गरज पडल्यास तज्ज्ञाची मदत घेतली पाहिजे. ‘अंतर्मुख’ या एका शिक्क्याखाली ही चौथी मुलगी झाकली जाते, आणि चूक सर्वांत महाग पडते ती तिथेच.

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खांची आणि पढतमूर्खांची लक्षणे सांगितली आहेत. ती वाचणारा शेजाऱ्याची मोजदाद आधी करतो, हे खरे. पण समर्थांनी ती टाकून देण्यासाठी सांगितली आहेत. आत्मपरीक्षणाची कसोटी हीच असावी: निकालातून उद्याच्या वागण्यात काय बदलायचे ते कळते का? ‘माझा स्वभावच तसा’ म्हणण्यासाठी निकाल वापरला, तर चाचणी न दिलेलीच बरी.

उपयोग करावयाचा तर साधी रीत आहे. चाचणीचे उत्तर निर्णय न मानता प्रश्न मानावा. निकालाने ‘चालढकल करणारा’ म्हटले, तर पंधरा दिवस वहीत नोंद ठेवावी: कोणते काम टाळले, केव्हा, त्यापूर्वी काय घडले. बहुधा असे दिसते की माणूस सगळीच कामे टाळत नाही. दोनचार ठरावीक कामेच टाळतो. हीच प्रश्नावली घरातील जवळच्या व्यक्तीला आपल्याविषयी भरायला द्यावी. दोन उत्तरांत जिथे अंतर पडते, तिथे पाहण्याजोगे काही असते. आणि मुलाचा निकाल चारचौघांत उच्चारू नये. वारंवार ऐकलेले विशेषण मूल अंगवळणी पाडून घेते.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याचा रकाना प्रत्येक सत्रासाठी वेगळा असतो. पहिल्या सत्रातील ‘चंचल’ हा शेरा दुसऱ्या सत्रात आपोआप उतरवून घ्यायचा नसतो; मुलाकडे पुन्हा पाहून नवा लिहायचा असतो. स्वभावचाचणीचा निकालही एका सत्रापुरताच मानावा.