अंगण वाकडे नव्हते
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर आणि तंजावरच्या मराठी राजवटीवर विद्वानांची भाषणे झाली. त्याच व्यासपीठावर ‘घरच्या घरी बॅले’ हा विषय घेऊन उभे राहण्याचे धाडस मी करीत आहे. मी नर्तकी नव्हे आणि वैद्यही नव्हे. एक निवृत्त शिक्षिका आहे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून मी जे शिकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा उद्योग मी का आरंभिला, ते आधी सांगते. माझी आई सांगलीला असे. सत्तरी ओलांडल्यावर ती एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. पण गेलेला विश्वास काही परत आला नाही. तुळशीला पाणी घालायलाही तिला कुणाचा तरी दंड धरावा लागे. मी इथे चेन्नईला. वर्षातून दोनदा जात असे आणि दर खेपेला तिच्या वावराचे वर्तुळ लहान झालेले पाहत असे. अखेरीस ते खाटेएवढे उरले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि माझे समुद्रकिनाऱ्यावरचे सकाळचे फिरणे बंद पडले. तीन महिन्यांतच जिना उतरताना माझा हात आपोआप कठड्याकडे जाऊ लागला. यजमानांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. पुण्याहून मुलगी म्हणाली, “आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये.” छत्तीस वर्षांच्या संसाराचे घर सोडवत नव्हते. मी म्हटले, “अगं, माझे पाय अजून धड आहेत.” ती म्हणाली, “मग ते धड ठेव,” आणि तिने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत पाठविली. बॅलेच्या धर्तीवरचा वीस मिनिटांचा व्यायाम, अगदी नवशिक्यांसाठी.

बॅले म्हटले की पांढऱ्या झग्यातली, पायाच्या अंगठ्यावर तोललेली कोवळी मुलगी डोळ्यांपुढे येते. त्या कलेशी माझ्यासारखीचा संबंध काय? पण या व्यायामाचा उगमच मुळी एका दुखावलेल्या पाठीत आहे. लोटे बर्क ही १९१३ साली जर्मनीतील कोलोन शहरी जन्मलेली ज्यू नर्तकी. नाझी राजवटीत तिला देश सोडून इंग्लंडला यावे लागले. पुढे पाठीला दुखापत झाली, तेव्हा नृत्याची तालीम आणि दुखऱ्या शरीराला सावरणारे व्यायाम यांची सांगड घालून तिने एक पद्धती बसविली व १९५९ साली लंडनमधील एका तळघरात वर्ग काढला. १९७१ साली तिच्या एका शिष्येने तो न्यूयॉर्कला नेला. बॅलेच्या तालीमघरात भिंतीलगत जो आडवा दांडा असतो, त्याला ‘बार’ म्हणतात. त्यावरूनच या व्यायामालाही नाव पडले. परागंदा झालेल्या एका बाईने परक्या शहरात स्वतःच्या पाठीसाठी शोधलेली ही वाट आहे, हे कळल्यावर माझा संकोच पुष्कळ कमी झाला.

माझ्याकडे दांडा कुठला? जेवणाच्या मेजाची खुर्ची घेतली. साडीचा पदर खोचला, ओट्यावर डाळीच्या डब्याला भ्रमणध्वनी टेकवून ठेवला आणि आरंभ केला. पहिल्याच दिवशी खुर्ची फरशीवरून सरकली आणि मी सिंकवर आदळता आदळता वाचले. तेव्हापासून खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते आणि पायमोजे न घालता अनवाणी उभी राहते. आपण हे करू म्हणाल, तर आरंभ इथूनच करावा.

मग भाषेची अडचण. १६६१ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नृत्याची राजमान्य संस्था स्थापन केली. पायांच्या पाच मूळ स्थिती नियमबद्ध करण्याचे श्रेय त्याच्या दरबारचे नृत्याचार्य बोशां यांना देतात. त्यामुळे परिभाषा आजही फ्रेंचच आहे. पडद्यावरची बाई भराभर ‘प्लिए’, ‘तांदू’, ‘रलव्हे’ म्हणे आणि मी बावरून पाही. शेवटी वही काढली. प्लिए म्हणजे गुडघे वाकविणे, तांदू म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवीत ताणणे, रलव्हे म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. जन्मभर मुलांना शब्दार्थ पाठ करायला लावले. आता स्वतःवर वेळ आली!

पंधरा दिवसांनी मला गर्व झाला. नवशिक्यांची चित्रफीत सोडून मी वरच्या इयत्तेची लावली. तीतल्या बाईची पावले टाचेला टाच लागून सरळ एका रेषेत उघडत. मीही माझी पावले तशीच ताणली आणि प्लिए केला. त्या रात्री गुडघा इतका दुखला की नाचता येईना अंगण वाकडे, या न्यायाने मी फरशीला, खुर्चीला आणि मुलीलाही दोष देऊन घेतला.

अंगण वाकडे नव्हते. ते वाकडेपण कुठे होते, हे मला व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंनी समजावून सांगितले. पाऊल बाहेर वळते ते खुब्याच्या सांध्यातून वळले पाहिजे, आणि तो सांधा किती वळावा हे बऱ्याच अंशी हाडांच्या ठेवणीवर अवलंबून असते. नर्तकी लहानपणापासून त्याची साधना करते. खुबा वळत नसताना पावले जबरदस्तीने वळविली की मधल्या गुडघ्याला पीळ पडतो. म्हणून टाचा जुळवून पावले आपल्याला झेपतील तेवढीच उघडावीत आणि वाकताना गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहील, हे पाहावे. तीन आठवडे विश्रांती घेऊन मी पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसले. शिक्षिकेला नापास होण्याची चव कळली, हेही एक शिक्षणच.

या व्यायामात उड्या नाहीत, धावणे नाही. अर्धवट वाकून तिथेच थांबायचे आणि इंचभर खाली, इंचभर वर, असे पुनःपुन्हा करायचे. पाहणाऱ्याला वाटते, ही बाई काही करीतच नाही. पण पंधराव्या आवर्तनाला मांड्या थरथरू लागतात. प्रथम मी घाबरले. वाटले, हेच ते म्हातारपण. पुढे कळले की स्नायू थकू लागला म्हणजे त्याच्या तंतूंचा मेळ बिघडतो आणि कंप सुटतो. तो काम होत असल्याचा पुरावा आहे. मात्र स्नायूतली ऊब वेगळी आणि सांध्यातली टोचणारी कळ वेगळी. पहिली सोसावी, दुसरी जाणवताच थांबावे.

चित्रफितींत सांगतात त्या सगळ्याच गोष्टी खऱ्या नसतात. स्नायू ‘लांब’ होतील, असे आश्वासन पुष्कळदा मिळते. स्नायूची दोन्ही टोके हाडांना जखडलेली असतात. त्यांची लांबी अशी वाढत नाही. वजनही माझे फारसे उतरले नाही. चालण्याला हा पर्याय नव्हे; वाट मोकळी होताच मी किनाऱ्यावर पुन्हा जाऊ लागले. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा गुडघे, पाठ अधू आहेत, त्यांनी आधी वैद्याला विचारावे, विशेषतः पुढे खोल वाकण्यापूर्वी. परंतु पायांची ताकद आणि तोल यांच्या नियमित सरावाने वयस्करांचे पडणे कमी होते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला मान्य आहे. मला हवे होते ते एवढेच.

एके दिवशी शेजारची भरतनाट्यम शिकणारी मुलगी दारात उभी राहून माझा प्लिए पाहत होती. ती हसून म्हणाली, “पाट्टी, हे तर अरैमंडी!” तिने शेजारी उभे राहून दाखविले, गुडघे तसेच बाहेर, पाठ तशीच ताठ. ज्या तंजावर बंधूंनी भरतनाट्यमच्या शिक्षणाला आजची घडी दिली, ते सरफोजी राजांच्या दरबारी होते, हे या सभागृहात सांगायला नको. पॅरिसचा दरबार आणि तंजावरचा दरबार माझ्या ओट्यापाशी भेटले, आणि दोघांच्याही दृष्टीने माझी पाठ पुरेशी ताठ नव्हती.

आता मुख्य गोष्ट सांगून आपली रजा घेते. त्या चित्रफितीतली बाई एक वाक्य वारंवार बजावीत असे: दांड्यावर बोटे नुसती टेकवा, त्यावर भार टाकू नका. पहिले काही महिने मी खुर्ची घट्ट आवळून धरीत होते. हळूहळू मूठ सैल झाली, मग चार बोटे, मग दोन. आज मी चवड्यांवर खुर्चीविना दहा अंक मोजेपर्यंत उभी राहू शकते. अकराव्याला डुलते आणि हात खुर्चीकडे जातो. त्याची मला लाज वाटत नाही. खुर्ची त्यासाठीच तर आहे.

माझ्या आईला कुणी आधार दिला नाही असे नव्हे. आम्ही सर्वांनी तिला इतके घट्ट धरले, की तिचे पाय उभे राहणे विसरले. ते प्रेमानेच घडले, पण घडले. हे मला ओट्यापाशी उभी असताना उमगले, आणि तेव्हा ते तिला सांगण्याची वेळ टळून गेली होती.

मुलगी आता मला पुण्याला बोलावीत नाही. रविवारी पडद्यावर समोर उभी राहून माझ्याबरोबर व्यायाम करते. घरापासून दूर आलेल्या आपणा सर्वांना या मंडळाने पन्नास वर्षे असाच हात दिला: धरायला जवळ, पण उभे राहायचे ते आपल्याच पायांवर. तो दांडा भिंतीलगत असाच राहो, एवढी प्रार्थना करून मी आपले भाषण पुरे करते.