स्वातंत्र्य : आपले आणि दुसऱ्याचे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षिसे मिळविणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. अशा समारंभात पाहुण्याने "खूप शिका, मोठे व्हा" एवढे सांगून खाली बसावे अशी रीत आहे. मी थोडे पुढचे बोलणार आहे. शिकून मोठे झालेल्या माणसावर एक जबाबदारी येते. एकट्या माणसाच्या स्वातंत्र्याची राखण करणे, ही ती जबाबदारी. समाजाच्या मागण्यांसाठी सभा होतात, पक्षांचे मोर्चे निघतात. पण ज्याच्या मागे मोर्चा नाही अशा एखाद्याला मध्यरात्री घरातून उचलून नेले, तर त्याची चौकशी कोण करतो? आणि तो आपल्या मताचा नसेल, तर आपण करतो का?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबई हायकोर्टाच्या इतिहासात आहे. ते आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारने रँडच्या हाताखाली समिती नेमली आणि गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले. लोक संतापले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या महिन्यात 'केसरी'तील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टानेही प्रथम नाकारला. पुढे खटला सेशन्सकडे गेल्यावर अर्ज पुन्हा आला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर.

तय्यबजी कोण, हे आपल्याला सांगायला नको. १८७४ साली अंजुमन-इ-इस्लामची स्थापना करणाऱ्यांत ते अग्रणी होते, १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, आणि आपल्या मुलामुलींना शाळेची वाट दाखविणाऱ्या पिढीचे ते धुरीण होते. आता काळ कोणता ते पाहा. १८९३ च्या मुंबईतील दंग्याला चार वर्षेच झाली होती. हिंदू-मुसलमानांत तेढ होती आणि त्या वादात टिळकांची लेखणी कोणत्या बाजूने चालत होती, हे तय्यबजींना चांगले ठाऊक होते. राजकारणातही दोघांचे मार्ग वेगळे होते. शिवाय सरकारची मर्जी काय आहे, हे साऱ्या मुंबईला दिसत होते.

तय्यबजींनी जामीन मंजूर केला. त्यांचा विचार सरळ होता. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा जामिनाचा खरा प्रश्न आहे. हजर राहणाऱ्या माणसाला खटल्याआधी महिनाभर कोठडीत ठेवले आणि पुढे तो निर्दोष ठरला, तर त्या महिन्याची भरपाई कोण करणार? आरोपी कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न त्यांनी आपल्या आसनाजवळ फिरकू दिला नाही. पुढे ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरविले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, तो भाग वेगळा.

या गोष्टीला एक शेपूट आहे. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी तय्यबजींसमोर वकिली केली ती दिनशा दावर यांनी. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा हेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. दावरांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. वकील असताना जे मुद्दे बिनतोड वाटले होते, ते खुर्चीवर बसल्यावर फिके पडले. स्वातंत्र्याचे शत्रू नेहमी दुष्टच असतात असे नाही, मित्रहो. पुष्कळदा आपल्यासारखाच शहाणासुरता माणूस जागा बदलली की भाषा बदलतो. १९५६ साली त्या न्यायालयाच्या भिंतीवर टिळकांच्या स्मरणार्थ शिळा बसली. तिचे अनावरण मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी केले. ज्याला शिक्षा झाली त्याचा सन्मान त्याच इमारतीत झाला.

आता स्वतंत्र भारताकडे वळू. घटना समितीचे काम चालू होते तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. मुसलमान सभासदांनी गप्प बसावे असेच वातावरण होते. अशा वेळी, ३ डिसेंबर १९४८ रोजी, मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक उपसूचना मांडली. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती होऊ नये, वॉरंट सबळ कारणाशिवाय निघू नये, असा तिचा आशय होता. ही मागणी एका जमातीसाठी नव्हती. या देशातल्या प्रत्येक घराच्या उंबरठ्यासाठी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती उपयुक्त म्हणून स्वीकारण्याची तयारी दाखविली, तरी शेवटी ती मंजूर झाली नाही. परंतु चांगला विचार वाया जात नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हा करीमुद्दीनसाहेबांच्या त्या सूचनेची आठवण निकालपत्रात काढली गेली. मधली अडुसष्ट वर्षे वाट पाहावी लागली, एवढेच.

आणि या मधल्या वर्षांतच ती कसोटीची वेळ आली. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली. त्यापूर्वी देश दोन तटांत विभागला गेला होता. एका बाजूला मोर्चे आणि घेराव, दुसऱ्या बाजूला "देश धोक्यात आहे" अशी हाक. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे ऐकेनासे झाले की सत्ता हाती असणाऱ्याचे काम सोपे होते. 'मिसा' आणि भारत संरक्षण नियम यांखाली एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. जुलैमध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, त्याच वेळी जमाते इस्लामी हिंदवरही आली. बाहेर एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक तुरुंगात एका नळावर पाणी भरू लागले! १९७६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटजवळ गरिबांची घरे बुलडोझरने पाडली गेली आणि विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. नसबंदीची सक्ती गावोगाव पोचली. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. लोकसंख्या आवरण्याचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? पण चांगल्या हेतूच्या हाती दंडुका दिला, आणि जाब विचारणाऱ्याचे तोंड बंद केले, की काय होते ते देशाने पाहिले.

अटकेतल्या माणसांनी न्यायालयाकडे धाव घेतली. नऊ हायकोर्टांनी, त्यात आपले नागपूर खंडपीठही होते, सांगितले की आणीबाणीतही अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढे आम्ही पाहू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या वकिलांना विचारले की पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. तो एक म्हणजे खन्ना. पुढच्याच जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला.

आता मी थोडे कडू बोलतो, राग मानू नये. आणीबाणीच्या घोषणेवर सही करणारे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आपल्यापैकी होते. बेगसाहेब त्या चौघांत होते. "आपला माणूस मोठ्या जागेवर असला की आपण सुरक्षित", असे आपण घराघरांत बोलतो. तुर्कमान गेटच्या गरीब मुसलमानांना त्या मोठ्या जागांचा काय उपयोग झाला? त्यांच्या बाजूने, त्यांना न ओळखता, उभे राहिले ते पंजाबी हिंदू घरातले खन्ना. आणि १८९७ साली टिळकांच्या बाजूने उभे राहिले ते तय्यबजी. तेव्हा "आपला माणूस" कोण हे नावावरून ओळखू नका. जो परक्याच्याही हक्कासाठी उभा राहतो, तोच अडचणीच्या वेळी आपला ठरतो.

त्या काळात सगळेच गप्प होते असेही नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढे तुरुंग पत्करला. वृद्ध छागलासाहेब जाहीर सभांतून आणीबाणीविरुद्ध बोलले. अशा थोड्या आवाजांमुळेच पुढे दुरुस्ती झाली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरविले की आणीबाणीतही कलम २० आणि २१ यांची दाद बंद करता येणार नाही. आणि त्या चौघांतले एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. २०१७ साली तो १९७६ चा निकाल चुकीचा होता असे निकालपत्रात लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव!

कोणी म्हणेल, मग सरकारने काही करूच नये काय? असे माझे म्हणणे मुळीच नाही. सरकारने शाळा काढाव्यात, लस टोचावी, रेशन द्यावे, गुंडाला पकडावे. त्यासाठी नोंदी लागतात, नियम लागतात. पण प्रत्येक नव्या बंधनाला चार साधे प्रश्न विचारण्याची सवय ठेवा. याला कायद्याचा आधार आहे काय? कारण खरे आणि पुरेसे आहे काय? ते सर्वांना सारखे लागू आहे काय? आणि चूक झाली तर दाद मागायला दार उघडे आहे काय? सरकार आपल्या आवडीच्या पक्षाचे असेल, तेव्हा हे प्रश्न अधिक आवर्जून विचारा. कारण तेव्हाच आपण ते विचारायचे विसरतो.

हेच प्रश्न घराला आणि जमातीलाही लागू आहेत. बाहेर स्वातंत्र्य मागायचे आणि घरात मुलीने "मला पुढे शिकायचे आहे" म्हटले की तिचे दप्तर खुंटीला टांगायचे, हे चालणार नाही. जमातीत एखाद्याने वेगळे मत मांडले की त्याच्याशी बोलणे बंद करायचे आणि सरकारकडे मात्र विचारस्वातंत्र्य मागायचे, यात आपला दावाच कमजोर होतो. पटले नाही तर खोडून काढा. पण त्याला बोलू द्या.

पालकांची भीती मी जाणतो. "बाबा रे, काही बोलू नकोस, काही लिहू नकोस, आपले शिक्षण बरे की आपण बरे", असे आई मुलाला सांगते ते प्रेमापोटी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा ही भीती घरोघरी शिरली. एकीने मजकूर लिहिला, दुसरीने तो पसंत केला. एक मुसलमान, दुसरी हिंदू. पण गोष्ट तिथे संपली नाही. कायद्याच्या शिक्षणाकडे वळलेल्या एका तरुणीने, श्रेया सिंघलने, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द झाले. एका मुलीने वाचलेला कायदा लाखो मुलांच्या उपयोगी पडला.

म्हणून भीतीवरचा उतारा गप्प बसणे हा नव्हे. माहिती असणे हा आहे. मुलांनो, घटनेचे कलम २२ एकदा स्वतः वाचा. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते, त्याला वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोयही आहे, तीही वाचा, म्हणजे कुंपणाला भगदाड कुठे आहे ते कळेल. गरिबाला मोफत वकील मिळण्याची व्यवस्था १९८७ च्या कायद्याने झाली आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. मोहल्ल्यातल्या चार मुलांना अर्ज नीट लिहिता आला, तर चाळीस घरांचे काम होते. आणि बोलताना, लिहिताना खरे तेच लिहा. कोणाच्या श्रद्धेची टवाळी आणि कोणाविषयी अफवा यांना स्वातंत्र्याचे नाव देऊ नका.

या संस्थेतून डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक बाहेर पडतील, याचा मला विश्वास आहे. त्यांच्यातला एखादा उद्या न्यायाधीशाच्या, कलेक्टरच्या किंवा फौजदाराच्या खुर्चीवर बसेल. त्याच्यासमोर असा माणूस येईल की ज्याचे नाव, पेहराव आणि मते त्याला आवडत नाहीत. त्या दिवशी त्याने त्या माणसाला त्याचा पूर्ण हक्क दिला, तर आईवडिलांनी भरलेली फी आणि शिक्षकांनी झिजवलेला खडू सार्थकी लागला असे समजा.

संस्थेची भरभराट होवो आणि आपल्या मुलामुलींना ज्ञानाबरोबर न्यायबुद्धीही लाभो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.