भत्त्यात बसणारी खोली


कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी आजची ही माहिती.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०१ मध्ये, इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं.
पुढं अनेक समाजांची वसतिगृहं उभी राहिली.
आज मात्र प्रत्येकालाच वसतिगृहात जागा मिळत नाही.

अनुसूचित जातीच्या अशा विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे.
भोजन, निवास आणि निर्वाह,
असे तिच्या भत्त्याचे तीन भाग.

खोली बघताना पहिली गोष्ट.
भाडं निवासाच्या भागातच बसवावं.
जेवणाचे पैसे भाड्यात गेले, की पोटाचे हाल होतात.

भत्ता हप्त्यांमध्ये येतो. भाडं मात्र दरमहा द्यावं लागतं.
म्हणून अनामत किती, लाईटबिल वेगळं का, हे आधीच विचारावं.
राजारामपुरीत दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली, तर भाडं विभागलं जातं.
लांबची खोली स्वस्त वाटली, तरी केएमटी बसच्या पासचा खर्च त्यात धरावा.

आता पावसाळ्याचं.
शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा,
इथं २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरलं होतं.
खोली तळमजल्यावर असेल, तर भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारावं.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा.
नोंदणीची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे.
भाड्याची पावतीही दर महिन्याला मागून घ्यावी.

पुन्हा एकदा, श्रोतेहो.
भाडं निवासाच्या भागात बसावं,
आणि करार लेखी असावा.
स्वाधारच्या अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करता येते.