मेंदूची दुखापत, विजेचा उपचार आणि घरी परतलेला रुग्ण

डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाचा जीव वाचला म्हणजे वैद्यकाचे निम्मे काम झाले, असा समज डॉक्टरांतही रुजलेला आहे. पण जखम भरून, टाके निघून रुग्ण घरी परततो तेव्हा उरलेली हानी दिसू लागते. तो चालतो, जेवतो, नावे ओळखतो, मात्र फवारणीच्या पंपात किती औषध घालायचे याचा हिशेब अर्ध्यावर सुटतो, दोन माणसे एकदम बोलली की त्याला घेरल्यासारखे होते, आणि घरचे त्याला आळशी किंवा तऱ्हेवाईक ठरवून मोकळे होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्यात भरलेल्या डॉक्टरांच्या या परिषदेने विद्युत उत्तेजनाचा विषय निवडला, तेव्हा हा घरी परतलेला रुग्णच तिच्यासमोर असला पाहिजे.

अपघाताच्या धक्क्याने मेंदूतील चेतातंतू, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणारे लांब धागे, ताणले जातात आणि काही तुटतात. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस हा भाग कपाळामागील मेंदूला सतत जागे ठेवतो. त्याच्याकडून येणारी चालना घटली, तर विचार करणारा भाग शाबूत असूनही पुरेसे काम करीत नाही. व्होल्टेज कमी पडल्यावर विहिरीवरची मोटर गुणगुणत राहते आणि पाणी मात्र चढत नाही, तशी ही अवस्था असते. थॅलॅमसमध्ये बारीक इलेक्ट्रोड बसवून, गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीतून त्याला सौम्य विद्युत स्पंदने देणे, याला खोल मेंदू उत्तेजन म्हणतात. जेथे धागे मुळातच तुटले आहेत तेथे वीज काहीच करू शकत नाही, ही मर्यादा या उपचाराचा प्रचार करणाऱ्यांकडून सहसा सांगितली जात नाही.

निकोलस शिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यल्प जाणिवेच्या अवस्थेत सहा वर्षे पडून असलेल्या एका रुग्णावर हा प्रयोग केला, आणि २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्याचे बोलणे, गिळणे व हातांचा वापर यांत सुधारणा नोंदवली. २०२३ साली शिफ आणि स्टॅनफर्डचे जेमी हेंडरसन यांच्या गटाने, तीन ते अठरा वर्षांपूर्वी दुखापत झालेल्या पाच जणांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील मुख्य कसोटी कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरे आळीपाळीने, क्रम न चुकवता रेघेने जोडण्याची होती. लक्ष एका क्रमावरून दुसऱ्यावर नेऊन परत आणणे हेच या रुग्णांना जड जाते, आणि त्यांना ही कसोटी पूर्ण करायला लागणारा वेळ सरासरी ३२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे काहींचे यंत्र त्यांना न कळवता बंद करून पाहायचे ठरले, तेव्हा दोघांनी त्यास नकार दिला. हा नकार शास्त्राच्या दृष्टीने अडचणीचा, पण रुग्णाच्या दृष्टीने फार बोलका आहे. ज्याचे यंत्र बंद झाले, त्याचा वेग तीन आठवड्यांनी ३४ टक्क्यांनी मंदावला. तरीही पाच माणसांवरून उपचार सिद्ध होत नाही.

मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर अशी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे केली आहे, म्हणजे कौशल्याचा अभाव महाराष्ट्रात नाही; मात्र डोक्याच्या दुखापतीसाठी ती अजून संशोधनाच्याच टप्प्यावर आहे. कवटी न उघडता, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह देण्याची पद्धत स्वस्त असल्याने तिचे दुकान कोठेही मांडता येते. याच पद्धतीने बेल्जियममधील लिएज येथील गटाने २०१४ मध्ये अत्यल्प जाणिवेच्या ३० रुग्णांपैकी १३ जणांत एकाच सत्रानंतर प्रतिसादांत वाढ नोंदवली, पण ती टिकाऊ नव्हती. ‘करंट देऊन स्मरणशक्ती परत आणतो’ अशी हमी देणाऱ्याच्या हाती शेतकऱ्याने बैलजोडीचे पैसे ठेवावेत, असा पुरावा यात मुळीच नाही.

शिवाय वीज दिली तरी सराव हवाच. उत्तेजनाने मिळालेली तरतरी चालणे, बोलणे, हिशेब यांच्या रोजच्या शिकवणीत गुंतवली नाही, तर ती वाया जाते. आणि ही शिकवणी नेमकी सोनाळ्याच्या या संग्रामपूर तालुक्यासारख्या भागात दुर्मीळ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, परंतु मेंदूच्या दुखापतीचा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही, त्यामुळे नीट चालणाऱ्या, पण विचारात अडखळणाऱ्या रुग्णाला प्रमाणपत्राच्या रकान्यात बसवताना डॉक्टरांचीही ओढाताण होते. या परिषदेने तो प्रकार यादीत समाविष्ट करण्याची मागणी ठरावाद्वारे शासनाकडे करावी, आणि येथील प्रत्येक सदस्याने डोक्याला मार लागून घरी गेलेल्या रुग्णाला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून त्याच्या स्मरणाची व लक्षाची तपासणी करावी. त्यासाठी कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे.